व्याह्यांचा घास

शोल्पाननं फ्रीजरमधून घोड्याचं मांस भरलेलं हातभर आतडं काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि नवऱ्याच्या वरच्या ओठावर दाबून धरलं. घरात बर्फ नव्हता. बर्फाला जागाच नव्हती. सगळा फ्रीजर मांसानं गच्च भरला होता, आणि त्या मांसापायीच हे सगळं सुरू झालं असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

"हलू नका," ती म्हणाली.

तिलेगेन हलत नव्हताच. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. गावाच्या आगीच्या बंबावर तो तीस वर्षं ड्रायव्हर होता, आणि आगी फारशा न लागणाऱ्या गावात बहुतेक काळ असाच, हाक येण्याची वाट पाहत बसला होता. त्याचा ओठ आता नाकाला भिडायला आला होता. डावीकडे जरा जास्तच. ओठ मिटत नसल्यामुळे प, ब आणि म ही अक्षरं त्याच्या बोलण्यातून रजेवर गेली होती. तसंही त्यांच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. तिलेगेन मुळात फार बोलणारा माणूस नव्हे.

कुंपणाच्या सैल फळीतून काम्का आत आली. काम्का म्हणजे थोरल्या दिरांची, दुइसेनची बायको. दोन भावांच्या घरांमधली ही फळी इतक्या वर्षांत कुणी ठोकून बसवली नव्हती, कारण मग काम्काला दारानं यावं लागलं असतं आणि दारावर टकटक करावी लागली असती. तिच्या हातात लोखंडी पळी होती आणि पळीत कडू झुडपाची धुरी पेटलेली होती.

"दृष्ट लागलीय," ती म्हणाली आणि तिलेगेनच्या डोक्याभोवती पळी फिरवू लागली.

"कुणाची?" शोल्पाननं विचारलं. "यांच्याकडे बघून कुणी जळावं असं काय आहे?"

"घरात पोरीचं जमायला आलंय. लोकांच्या पोटात दुखतं."

"पोट लोकांचं दुखतं आणि ओठ यांचा सुजतो?"

"तू हस. मागच्या वेळी सुंतेच्या जेवणाहून आले तेव्हा सुजला. त्याच्या आधी इमामांच्या घरून जेवून आले तेव्हा. काल कुठं होते? मयताच्या चाळिसाव्याला. जिथं चार डोळे जास्त, तिथून हा माणूस सुजून येतो. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

धुरानं तिलेगेनला शिंक आली आणि गोठलेलं आतडं जमिनीवर पडलं. शोल्पाननं ते उचललं, पुसलं आणि पुन्हा ओठावर ठेवलं. या घरातल्या सगळ्यांनाच एकदा एका रांगेत उभं करून काहीतरी जोरात बोलावं असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं. फक्त काय बोलावं ते नक्की होत नव्हतं.

"गोळी," दारात बूट चढवत असलेली तोर्गिन म्हणाली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी रसाचे नमुने तपासायची, त्यामुळे कशानं काय होतं हे पाहायची तिला सवय होती. "जेवणानं नाही, गोळीनं होतंय. बाबा, काल जायच्या आधी गोळी घेतली होतीत ना?"

तिलेगेननं मान डोलावली.

"आणि परवा?"

परवा कशाला घेईल? परवा तर नुसता चहा आणि पाव होता.

तेव्हा कुठं शोल्पानच्या लक्षात सगळं आलं. डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. रक्तातली चरबी वाढली होती, हृदयाला जपायचं होतं. तिलेगेननं ते ऐकून "बरं" म्हटलं होतं आणि घरी येऊन स्वतःच्या हिशेबानं चालला होता. ज्या दिवशी चरबी खायची नाही त्या दिवशी चरबीची गोळी वाया का घालवायची? म्हणून तो ती जेवणाच्या आमंत्रणाला जाण्याआधीच घ्यायचा, आभाळ भरून आलं की छत्री घेऊन निघावं तशी. मेजवानी मोठी असेल तर दोन. आणि मग निवांत मनानं बसून मेंढीच्या जाड शेपटीची चरबी खायचा, समोरच्याला सांगायचा, घेतलीय, घेतलीय, बंदोबस्त करून आलोय.

गावात निम्मे पुरुष हेच करत होते. डॉक्टरांना ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

"ओठ सुजतो गोळीनं?" काम्का म्हणाली. "गोळी पोटात जाते."

"फोनवर लिहिलंय, मोठी काकू. फार थोड्या लोकांना होतं. चेहरा सुजतो, ओठ, जीभ."

"फोनवर काहीही लिहितात."

तिलेगेननं हात वर करून आतडं बाजूला सारलं आणि मुलीकडे पाहिलं. "गोळीनं," तो सावकाश म्हणाला. या शब्दात ओठांचं फार काम नव्हतं, त्यामुळे तो स्वच्छ आला.

दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ मिटण्याइतकी सूज उतरली होती. डॉक्टर गौहरनं त्याच्या तोंडात बॅटरी मारली, दात ठोकून पाहिले, गांधीलमाशी चावली होती का विचारलं, नवीन टूथपेस्ट आणली का विचारलं. गौहर तरुण होती, हुशार होती, आणि बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसलेल्या लोकांमुळे घायकुतीला आलेली होती.

"गोळीचा संबंध नाही," ती म्हणाली. "मी हीच गोळी निम्म्या गावाला देते. कुणाचा ओठ सुजला नाही."

"निम्म्या गावाचं मला काय करायचंय?" शोल्पान म्हणाली. "मी एकाशीच लग्न केलंय."

"बाई, तसलं काही लाखात एखाद्याला होतं."

"मग तो एखादा कुठं तरी राहत असेलच ना? का त्याला पत्ता नसतो?"

गौहर संगणकाकडे वळून काहीतरी वाचू लागली. बराच वेळ वाचत होती. तिलेगेन या दोघींच्या मधे बसून भिंतीवरचं हृदयाचं चित्र पाहत होता. त्या हृदयाला कुणीतरी पेनानं मिशा काढल्या होत्या.

"जेवणाआधी घेता म्हणजे? रोज नाही?" तिनं मधेच विचारलं.

शोल्पाननं सगळं सांगितलं. गौहरनं कपाळाला हात लावला. छत्रीची उपमा तिला अजिबात आवडली नाही. पण तिचा आवाज बदलला होता.

"आहे," ती म्हणाली. "दुर्मिळ आहे, पण आहे. तुमचं बरोबर असू शकतं." हे बोलताना तिला किती जड गेलं ते शोल्पाननं पाहून घेतलं आणि जपून ठेवलं. "बंद करा. आजपासून. दुसरं औषध बघू. आणि नीट ऐका, हे हसण्यावारी न्यायचं नाही. आज ओठ आहे. पुन्हा घेतली तर जीभ सुजेल, घसा सुजेल, आणि घसा बंद झाला तर मी इथं बसून काही करू शकणार नाही. सूज दिसली की ही दुसरी गोळी द्यायची आणि लगेच अँब्युलन्स बोलवायची. कळलं?"

"कळलं," शोल्पान म्हणाली.

"बरं," तिलेगेन म्हणाला.

"आणि मांस कमी करा."

"बरं."

शोल्पाननं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस हे 'बरं' कुणालाही द्यायचा. डॉक्टरला, नगरपालिकेला, दारावर आलेल्या कार्पेटवाल्याला. त्या कार्पेटावर ते अजून चालत होते. या माणसाच्या तोंडून आजवर तिनं 'नको' ऐकलं नव्हतं. लग्न ठरवायला ही मंडळी आली होती तेव्हा तिला वाटलं होतं, किती गोड स्वभाव आहे.

घरी आल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. फेकून द्यायच्या म्हणजे पैसे देऊन आणलेलं औषध फेकायचं, ते काही शोल्पानच्या हातून होईना. "मला दे," काम्का म्हणाली. "माझीही चरबी वाढलेली असणार. कुणी मोजली नाही म्हणून काय झालं?" तेव्हा शोल्पाननं डबी तिच्या हातातून काढून घेतली आणि कपाटाच्या अगदी वर, पाहुण्यांसाठीच्या चिनी मातीच्या वाडग्यांमागे सरकवली. ते वाडगे वर्षातून एकदा खाली यायचे.

त्याच आठवड्यात दुइसेन आला. तो मात्र दारानं आला, म्हणजे काम महत्त्वाचं होतं. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या मानाच्या बाजूला मांडी घालून बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "ओतेगेनला शब्द दिलाय. रविवारी येतायत. मेंढी मी आणतो."

ओतेगेन म्हणजे तराझ शहराच्या रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीचा मालक. मुलासाठी तोर्गिनला मागायला आलेलं हे पहिलं बरं घर. दुइसेननं ही गोष्ट कुठल्यातरी चाळिसाव्याच्या जेवणात, ताटात हात असताना ठरवली होती.

"पोरीला विचारायचं होतं," शोल्पान म्हणाली.

"विचार की. नाही कुठं म्हणतोय मी? रविवारपर्यंत वेळ आहे." मग तो भावाकडे वळला. "काय रे?"

वडील गेले तेव्हा तिलेगेन लहान होता. दुइसेननं शाळा सोडून ट्रॅक्टर धरला आणि धाकट्याला शिकवलं, बंबावर लावलं, त्याचं लग्न लावून दिलं. हे दुइसेननं कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती.

"बरं, दादा," तिलेगेन म्हणाला.

संध्याकाळी शोल्पान स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती. मधलं दार उघडं होतं आणि बापलेकीचा चहा चालू होता.

"बाबा, मुलगा वाईट नाही," तोर्गिन म्हणत होती. "दोनदा भेटले. त्याच्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. काहीच नाही, हेच तर सांगतेय."

वाडग्यात चमचा फिरल्याचा आवाज आला.

"मी नाही म्हटलं तर मोठे काका म्हणतील, पोरगी शेफारली. आई म्हणेल, वय चाललंय." शोल्पानचे हात कणकेत थांबले. कारण ती तेच म्हणणार होती. "तुम्ही एकदा नाही म्हणा. एकदाच. तुमच्या तोंडून ऐकायची कुणाला सवय नाही, त्या धक्क्यानं तरी ऐकतील."

चमचा फिरत राहिला. आता त्यात साखर उरली नसणार.

"बरं," तिलेगेन म्हणाला.

शोल्पाननं कणीक अशी आपटली की परात उडाली. भावालाही बरं, लेकीलाही बरं! आता रविवारी या दोन 'बरं'पैकी एकाचा गळा दाबला जाणार होता, आणि कुणाचा, हे ठरवणं ज्याच्या हाती होतं तो तिथं बसून रिकामा चहा ढवळत होता. तिला स्वतःला हे स्थळ हवं होतं. गिरणी होती, माणसं सरळ होती, पोरगी हाकेच्या अंतरावर राहिली असती. पण नवऱ्यानं निदान एका बाजूला उभं राहावं. कुठल्याही. वाटल्यास तिच्या विरुद्ध.

रात्री तिनं एवढंच विचारलं, "काय करणार आहात?"

"बघू," तिलेगेन म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

रविवारी सकाळपासून अंगणात कढई चढली. मेंढी दुइसेननं आणली, तीही शेपटी पाहून निवडलेली, एवढी मोठी की मेंढीपेक्षा शेपटीच आधी फाटकातून आत आली म्हणावं. काम्का बाउरसाकचे कणकेचे गोळे तळत होती आणि तळता तळता निम्मे चाखत होती. तोर्गिननं निळा ड्रेस घातला होता आणि ती कुणाशी बोलत नव्हती. शोल्पाननं नवऱ्याला वाडगे काढायला लावलं, कारण स्टुलाशिवाय त्याचाच हात कपाटावर पोचत होता.

"वाडगे काढताय का मातीपासून घडवताय?" तिनं आतून हाक मारली.

थोड्या वेळानं तो वाडगे घेऊन आला. एकही न फोडता. मग खिडकीपाशी जरा उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. तिला वाटलं, रस्त्याकडे पाहतोय. तिला तेव्हा रस्सा उतू जाण्याची काळजी होती.

पाहुणे दुपारी आले. ओतेगेन, त्याची बायको, त्याचे दोन चुलते. ओतेगेन मोठ्यानं हसणारा, जाडजूड, पीठ कितीही झटकलं तरी भुवयांत उरतंच अशा चेहऱ्याचा माणूस. त्यानं तिलेगेनला मिठी मारली. "व्याही, तब्येत कशी? ऐकलं, ओठ रुसला होता!"

"उतरला," तिलेगेन म्हणाला आणि हसला.

चहा झाला. मांस झालं. चुलत्यांनी मेंढीच्या डोक्यावर दोन विनोद केले, ते सगळ्यांना पाठ होते, म्हणून सगळे वेळेवर हसले. शोल्पान चहा ओतत होती आणि ओतता ओतता तिला दिसलं, तिलेगेन एकाच बाजूनं हसतोय. डाव्या कोपऱ्यात काहीतरी भरून येत होतं. प्रकाशामुळे असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुढचा वाडगा भरताना ते सांगता येईना.

"गोळी बंद आहे ना?" तिनं वाकून कानात विचारलं. त्यानं वाडगा पुढे केला.

मग दुइसेननं टाळी वाजवली. काम्का मोठं ताट घेऊन आली. त्यात उकडलेल्या काळजाच्या पातळ चकत्या आणि त्यांच्यावर तेवढ्याच पातळ, पांढऱ्या, थरथरणाऱ्या शेपटीच्या चरबीच्या. एवढ्यासाठीच तर मेंढी होती. हे दोन बापांनी एकमेकांना हातानं भरवायचं. एकदा हा घास गिळला की लग्न ठरलं. मग ते मोडायला कोर्टही पुढे येत नाही, आणि आलंच तर न्यायाधीश विचारतात, चरबी-काळीज खाल्लं होतं का? खाल्लं होतं म्हटलं की फाईल मिटतात.

ओतेगेननं बाह्या वर केल्या. चरबीची चकती काळजावर बसवली, बोटांनी उचलली आणि हात पुढे केला. "व्याही, उघडा तोंड!"

सगळे हसत होते. तिलेगेननं तोंड उघडलं.

ओतेगेनचा हात वाटेतच थांबला. तोंडात घासाला जागा नव्हती. जीभ कणकेसारखी फुगून दातांवर आली होती. ओठ दोन्ही उलटले होते, आणि त्यांच्या मागून शीळ घातल्यासारखा श्वास येत होता.

"या अल्ला!" विहीणबाई म्हणाल्या.

"आई, गोळी, दुसरी गोळी!" तोर्गिन दारातून ओरडली. तिनं फोन कानाला लावला होता आणि ती भिंतीवरच्या चुन्याइतकी पांढरी झाली होती. "अँब्युलन्स? हो, लवकर, घसा सुजलाय!"

शोल्पान स्वयंपाकघरात धावली. सूज उतरवायची गोळी खिडकीखालच्या खणात होती. तिनं खण ओढला, गोळी घेतली, आणि मान वर केली तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर तिला पाण्याचा ग्लास दिसला. अर्धा भरलेला.

या घरात पाणी कुणी पीत नाही. तहान लागली तर चहा, फार लागली तर घोडीचं आंबवलेलं दूध. तीस वर्षं पाणी वाहून नेलंय, पाणी कशासाठी असतं ते मला ठाऊक आहे, असं तिलेगेन म्हणायचा. आगीसाठी आणि गोळीसाठी.

तिनं ग्लासाला हात लावला. मग कपाटाच्या वर पाहिलं, जिथून वाडगे खाली आले होते. ते काढायला कुणी लावलं होतं ते आठवलं.

एक श्वास ती तिथं तशीच उभी राहिली. आत जाऊन याच्या सुजलेल्या थोबाडीत एक ठेवून द्यावी, असं तिला इतकं वाटलं की हात शिवशिवला. तोंड होतं तेव्हा वापरलं नाही. सबंध आठवडा होता. मरायचं कबूल, पण दादाला नको म्हणायचं नाही! तिनं पाणी मोरीत ओतलं, गोळी चमच्याखाली चुरली आणि परत धावली.

तिलेगेन पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात दस्तरखानावर टेकून. तिनं त्याच्या गालाच्या आत चुरा लावला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. त्यानं नजर खाली घेतली.

बाकीचे उभे होते. ओतेगेन तेवढा अजून बसलेला, घास बोटांत धरून, कारण हातात घेतलेला घास खाली ठेवायचा कसा ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

"येईल अँब्युलन्स, स्टेशन मागच्याच गल्लीत आहे," दुइसेन म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण वडीलकीची सवय आवाजाहून जुनी होती. "घास असा अधांतरी राहू नये, अपशकुन होतो. मी याला बापासारखं वाढवलंय. याच्या जागी मी खातो. ओतेगेन, आण इकडे."

चुलत्यांनी माना हलवल्या. चालण्यासारखं होतं. ओतेगेननं हात दुइसेनच्या दिशेनं वळवला.

तिलेगेनच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता. दारात तोर्गिन फोन छातीशी धरून उभी होती आणि बापाकडे पाहत होती, घासाकडे तिचं लक्षच नव्हतं.

शोल्पान उठली. तिच्या डोळ्यांसमोर गिरणी आली, हाकेच्या अंतरावरचं अंगण आलं, त्यात दुडदुडणारं कुणीतरी आलं. तिनं ओतेगेनच्या पुढ्यातलं ताट दोन्ही हातांनी उचललं.

"गार झालंय," ती म्हणाली. "चरबी गोठली. पाहुण्यांना असं कसं द्यायचं?"

"मग गरम करून आण, त्यात काय!" काम्का म्हणाली.

"एकदा गोठली की ती गोष्ट राहत नाही, जाऊबाई."

ती ताट घेऊन आत गेली आणि परत आली तेव्हा हात रिकामे होते. ओतेगेननं बोटांतल्या घासाकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, मग तो घास स्वतःच्या ताटाच्या कडेला हलकेच ठेवला आणि रुमालानं बोटं पुसू लागला. एकेक करून, नीट.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर बंबाच्याच आवारातला होता. "तिलेगेनदादा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या घरून कॉल आला!" तो आत येताना म्हणाला, आणि चेहरा दिसल्यावर गप्प झाला. सोबतच्या नर्सनं मांडीत इंजेक्शन दिलं, दंडात दुसरं दिलं, नाकाला नळी लावली. स्ट्रेचर फाटकातून बाहेर गेलं तेव्हा शोल्पान मागोमाग चढली. पायांत एक चप्पल तिची होती, एक विहीणबाईंची.

सकाळी सूज बरीच उतरली होती. तिलेगेन उशीला टेकून बसला होता, रात्रभर मारामारी केलेल्या माणसासारखा दिसत होता. डॉक्टर गौहर आली ती तापलेलीच.

"गोळी घेतलीत का पुन्हा?"

तिलेगेननं भिंतीकडे पाहिलं. तोर्गिन चहाचा थर्मास घेऊन पायथ्याशी उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग फार सावकाश, आईकडे.

"मी दिली," शोल्पान म्हणाली.

"काय?"

"मेजवानी होती. आधीची सवय. गडबडीत हातात ठेवली."

"तुम्ही?" गौहर म्हणाली. "माझ्याशी भांडून मला पटवून गेलात त्याच तुम्ही ना? लाखात एखाद्याचा पत्ता मला विचारला होतात!"

"मीच."

"घसा पूर्ण बंद झाला असता. तुम्हाला समजतं तरी का काही?"

शोल्पाननं तोंड उघडलं. या प्रश्नाला तिच्याकडे एकापेक्षा एक उत्तरं होती. तिनं ती सगळी गिळली. "नाही समजत," ती म्हणाली.

गौहरनं तिलेगेनच्या कागदावर लाल पेनानं काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं, उरलेल्या गोळ्या आजच्या आज आणून जमा करा म्हणाली आणि निघून गेली. हृदयाचं चित्र या खोलीतही होतं, पण याला अजून मिशा काढायच्या होत्या.

दार पुन्हा उघडलं. दुइसेन होता. तो रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होता आणि कुणी घरी जा म्हटलं तर ऐकत नव्हता. डोळे लाल, टोपी हातात. भावाच्या पायाला पांघरुणावरून हात लावून पाहिला, जणू तो पाय आहे की नाही याची खात्री करायची होती.

"बरा आहेस?"

तिलेगेननं मान डोलावली.

"घाबरवलंस रे." दुइसेन खुर्चीत बसला. मग त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "ओतेगेनचा फोन आला होता. भला माणूस आहे. म्हणाला, तब्येत आधी. पीक निघालं की पुन्हा येतो म्हणाला. मी मेंढी बघतो. मग, बरं म्हणून कळवू ना?"

शोल्पाननं खाटेशेजारचा जग उचलला, ग्लासात पाणी ओतलं आणि ग्लास नवऱ्याच्या समोर, अगदी हाताशी ठेवला. काचेचा लाकडावर टक् असा आवाज झाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती चादरीची घडी सरळ करत होती.

तिलेगेननं ग्लासाकडे पाहिलं. बराच वेळ. ओठ अजून जाड होते, आणि जे अक्षर हवं होतं त्याला ओठ लागत नव्हते.

"नको, दादा," तो म्हणाला. "नाही यायचं त्यांनी. लेकीला नकोय."

दुइसेननं टोपी डोक्यावर घातली. मग पुन्हा काढली आणि तिच्या आत पाहत बसला.

शोल्पाननं ग्लास उचलला, पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि लेकीच्या हातातून थर्मास घेऊन झाकण उघडलं.